जनरेटर घेण्याआधी: आमच्या ग्रामपंचायतीला खुलं पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
आमच्या गावची ग्रामपंचायत, मांजरा काठ

विषय: पाणीपुरवठ्यासाठी डिझेल जनरेटर घेण्याचा ठराव मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना हे पत्र आपल्याच गावाबद्दल आहे असं वाटलं, तर त्यांनी ते आपल्या ग्रामसभेत वाचून दाखवावं. तुमच्यातले बरेच जण मला काकू म्हणतात, दोघं-तिघं तर माझ्या अंगणात खेळून मोठे झाले. तरीही घरी बोलावून सांगायचं सोडून असं चारचौघांत लिहिते आहे, कारण या विषयावर दोनदा लेखी अर्ज दिला, दोन्हींची पोच माझ्याकडं आहे आणि उत्तर एकाचंही आलेलं नाही.

मागच्या ग्रामसभेत ठराव झाला की उन्हाळ्यात लाईट जाते, पाणीपुरवठ्याच्या विहिरीवरची मोटर बंद पडते आणि नळाला पाणी येत नाही, म्हणून 25 केव्हीएचा डिझेल जनरेटर घ्यावा, डिझेलसाठी दरमहा तरतूद करावी आणि तो चालवायला एक माणूस मानधनावर ठेवावा. या सभेची दवंडी आमच्या वस्तीवर आली नाही. सह्यांचं रजिस्टर मात्र दुसऱ्या दिवशी घरोघर आलं. माझ्याही दारात आलं होतं. मी सही केली नाही.

पाणी आलं पाहिजे यावर माझं आणि तुमचं भांडण नाही. डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या बाईला तुम्ही पाण्याचं महत्त्व सांगू नका. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा माझी धाकटी लेक लातुरात शिकत होती. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात घागर घेऊन ती रांगेत उभी राहायची. त्याच्या आदल्या वर्षी, 2015 च्या जुलैत, परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद करावं लागलं होतं. त्या केंद्राला पाणी देणाऱ्या खडक्याच्या बंधाऱ्यात पाणीच उरलं नव्हतं. यंत्रं जागेवर होती आणि माणसंही कामावर होती, तरी वीज तयार होईना. त्या दोन वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. दगडी कोळशाची वीजसुद्धा पाणी पिते, आणि परळीत ती आपल्या मराठवाड्याचंच पाणी पिते. दुष्काळात आधी पाणी जातं आणि त्याच्यामागं लाईट जाते. अशा मुलखात पाण्यासाठी डिझेलवर अवलंबून राहायचं ठरवताना निदान एकदा सगळ्यांनी बसून हिशोब तरी करायला हवा होता. तुम्ही केला नाही, म्हणून मी केला.

आपल्या विहिरीवरची मोटर साडेसात एचपीची आहे. ती तासाला साधारण सात युनिट वीज घेते. जनरेटरमध्ये एक लिटर डिझेल जळलं की जेमतेम तीन युनिट वीज हाती येते, म्हणजे एका युनिटला नुसतं डिझेलच तीस रुपयांच्या आसपास लागणार. दिवसाला चार तास मोटर चालवायची म्हटलं तर नऊ-दहा लिटर डिझेल जातं, म्हणजे रोजचे नऊशे रुपये आणि महिन्याचे सत्तावीस हजार. ऑईल, फिल्टर आणि माणसाचं मानधन वेगळं. हा पैसा गावात एक दिवससुद्धा थांबत नाही. पाणीपट्टीतून आला की पंपावर जातो, तिथून तेल कंपनीकडं आणि तिथून देशाबाहेर, कारण आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं.

आता दुसरी बाजू बघा. आपल्याकडं एक किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट वीज देतं. त्याच मोटरला दहा किलोवॅट पुरून उरतं. त्याला साधारण हजार चौरस फूट जागा लागते, आणि शाळेचं छत त्याहून मोठं आहे. बॅटरीचीही गरज नाही. ऊन असताना पाणी वर चढवायचं आणि टाकी भरून ठेवायची, संध्याकाळी नळ सोडला की पाणी आपल्या वजनानं खाली येतं. आपली टाकी हीच आपली बॅटरी. पावसाळ्यात चार दिवस आभाळ भरून राहिलं तर लाईनची वीज आहेच. जनरेटरची गरज तुम्ही सांगता ती एप्रिल-मे महिन्यातली, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन नसतं, असं मराठवाड्यात कोणी म्हणू शकेल का?

ग्रामसभेत याला जे उत्तर दिलं गेलं ते मला लोकांकडून कळलं. "सोलर टिकत नाही. वस्तीवरच्या पंपाचं काय झालं बघितलं ना?" माझी खरी तक्रार इथून सुरू होते.

वस्तीवरचा सौर दुहेरी पंप 2014 साली बसला. एकाच बोअरला हातपंपही आणि सोलरची मोटरही, वर पाच हजार लिटरची टाकी. चार उन्हाळे तो चालला. त्या चार वर्षांत आमच्या वस्तीवरची एकही मुलगी पाण्यापायी शाळेतून राहिली नाही, हे मी शपथेवर सांगते. 2018 च्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज मोटरला जुळवून देणारं यंत्र, जळाला. तालुक्याच्या मेस्त्रीनं येऊन बघितलं आणि सात हजार खर्च सांगितला. तेव्हाच्या बॉडीनं "निधी आला की बघू" म्हटलं. मग निवडणूक झाली. तुम्ही आलात आणि "आधीच्या बॉडीचं काम आहे" म्हणालात. तेव्हापासून ते पॅनल तसंच उभं आहे. त्यावर बोटभर धूळ बसली आहे, खालच्या खोबणीत चिमण्यांनी घरटी केली आहेत आणि उन्हाळ्यात बाया त्याच्या खांबांना दोरी बांधून कुरडया वाळवतात.

मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याला घेऊन तिथं गेले. तो आयटीआय इलेक्ट्रिशियन झाला आहे. कंट्रोलरच्या पेटीला कुलूप होतं, म्हणून त्यानं पॅनलच्या खालच्या जोडालाच मीटर लावला. दुपारचे बारा वाजले होते. आधी ओल्या फडक्यानं मी पॅनल पुसून घेतलं, तेव्हा काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मीटरकडं बघून तो म्हणाला, "काकी, व्होल्टेज भरपूर आहे. पॅनलला काही झालेलं नाही." इतकी वर्षं रोज सूर्य उगवल्यावर ते पॅनल वीज द्यायला तयार असतं आणि त्याच्या खालून आम्ही हंडे घेऊन जातो.

मग सोलर टिकत नाही, असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? जनरेटर अजून यायचा आहे, तरी त्याच्या डिझेलला दरमहा तरतूद आणि चालवणाऱ्याला मानधन आधीच ठरलं. सौर पंपाला मात्र बसवल्या दिवसापासून एक रुपयाची तरतूद झाली नाही. पॅनल पुसायला माणूस नेमला नाही. नांगराला तेल नाही आणि बैलाला वैरण नाही, मग शेत पिकत नाही म्हणून बोंब कशाला? बिहारमधल्या धरनई गावात 2014 साली 100 किलोवॅटचं सौर मायक्रोग्रीड, म्हणजे गावापुरती स्वतंत्र वीजव्यवस्था, मोठ्या गाजावाजानं सुरू झालं होतं. काही वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या, बदलायला पैसा नव्हता, प्रकल्प बंद पडला. तिथंही सूर्य कमी पडला नव्हता. माझं सगळं म्हणणं यातच आहे. गावाला नवी यंत्रं नकोत, आहेत त्या यंत्रांना धनी पाहिजे.

पथदिव्यांचं तेच झालं. त्यावर जास्त लिहीत नाही. सोलरच्या खांबांवरच्या पेट्या उघड्या पडल्या आहेत, आतल्या बॅटऱ्या कोणी नेल्या त्याची साधी नोंदही ग्रामपंचायतीत नाही.

आता गोबरगॅसबद्दल. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण यात माझी उभी हयात गेली आहे.

सासऱ्यांनी 1989 साली कोठ्याच्या मागं दोन घनमीटरचा गोबरगॅस बांधला. मी तेव्हा नवी नवरी होते. रोज सकाळी पाच पाट्या शेण म्हणजे पन्नासेक किलो, आणि तेवढंच पाणी. हौदात हातानं कालवायचं, काडी-कचरा निवडून काढायचा, खडा आत जाऊ द्यायचा नाही. महिन्यातून एकदा पाईपातलं साचलेलं पाणी काढायचं, नाहीतर ज्योत फडफडते. थंडीत गॅस कमी येतो, तेव्हा हौदात कोमट पाणी घालायचं. एवढं सांभाळलं की पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा निळ्या ज्योतीवर होतो. दोन घनमीटर गॅस म्हणजे पाऊण-एक किलो सिलेंडरच्या गॅसइतका. महिन्याकाठी दीड-पावणेदोन सिलेंडर माझ्या कोठ्यातून निघतात. मागं उरलेली मळी तुरीला आणि वांग्याला जाते. लोखंडी टाकी गंजली तेव्हा एकदा बदलली, बाकी तो गोबरगॅस आजही चालू आहे. माझ्या सुनेनं चुलीचा धूर माहेरी बघितला, सासरी नाही.

त्या काळात गावात वीस-बावीस गोबरगॅस होते. आज तीन चालू आहेत. का बंद पडले ते मी घरोघर जाऊन विचारलं. कोणाच्या टाकीला भोक पडलं, कोणाचा हौद तडकला, आणि दुरुस्त करणारा गवंडी तालुक्यात उरला नाही. नव्या बांधकामाला अनुदान मिळतं, जुन्याच्या दुरुस्तीला काही मिळत नाही, असं मला पंचायत समितीत सांगितलं गेलं. पण अर्ध्याहून जास्त घरांनी वेगळंच कारण सांगितलं, आणि तेही खरं आहे. दुष्काळात जनावरं विकली. काहींची छावणीवर गेली ती परत कोठ्यात आलीच नाहीत, तिथूनच बाजारात गेली. ज्याच्या दारात आज एकच म्हैस आहे त्याचा गोबरगॅस चालणार नाही, हे मला कबूल आहे. चार-सहा घरांनी मिळून एक मोठा करावा असं काही साहेब सांगतात. माझं मत तसं नाही. शेण कोणाचं किती आणि मळी कोणाला किती, यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी बघितलं आहे. म्हणून मी सगळ्या गावाला गोबरगॅस द्या म्हणत नाही. ज्यांच्याकडं आज चार जनावरं आहेत आणि ज्यांचा जुना हौद उभा आहे, अशी घरं मोजा. माझ्या वहीत अशी नऊ घरं आहेत. त्यांची दुरुस्ती करा.

उरलेल्या घरांत उज्ज्वलाचा सिलेंडर आहे. पण भरून आणायला आठशेच्या पुढं मोजावे लागतात, सबसिडी नंतर येते, आणि रोजंदारी करणाऱ्या बाईजवळ एकदम एवढे पैसे नसतात. ती सणावाराला सिलेंडर लावते आणि इतर दिवशी तुराट्या, पऱ्हाट्या जाळते. देशात लागणाऱ्या या गॅसपैकीही निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. तिकडं आखातात काही झालं की आपल्या गावातल्या चुलीवर त्याचा परिणाम होतो.

शेतीच्या पंपांचा विषय तुमच्या हातात पूर्णपणे नाही, म्हणून थोडक्यात. रात्रपाळीच्या लाईटवर माझा मुलगा बॅटरी घेऊन रानात जातो आणि तो परत येईपर्यंत मला झोप लागत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के भरायचे आहेत आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे. गावातल्या किती जणांना ही हमीची अट माहीत आहे? पंप बंद पडला की लोक खाजगी मेस्त्रीला पैसे देतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तेवढी माहिती तरी लिहा. आणि एक भीती मी इथंच बोलून दाखवते. दिवसभर फुकट वीज मिळाली की बोअर दिवसभर चालू राहतील. आठशे फुटांवर गेलेलं पाणी सोलर वर आणून देईल, पण ते पुन्हा भरून देणार नाही. सौर पंपाबरोबर ऊस किती लावायचा याचंही बोलणं ग्रामसभेत झालं पाहिजे. ते कोणाला आवडणार नाही, तरी झालं पाहिजे.

गायरानाचंही विचारायचं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानाचा एक तुकडा प्रकल्पाला गेला. दिवसा शेतीला लाईट मिळणार असेल तर मी विरोध केला नसता. पण ज्यांची शेळ्या-मेंढ्यांची चराई तिथं होती, त्यांना कोणी विचारलं नाही. त्या योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी 5 लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ते आले का, आले असतील तर कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेपुढं आलेलं नाही.

बीड-धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या फिरताना आपण एसटीतून रोज बघतो. जमिनी आपल्या लोकांच्या, वारा आपल्या माळावरचा, मालकी मात्र दुसऱ्यांची. तमिळनाडूतल्या कोईमतूर जिल्ह्यात ओडनथुराई नावाच्या ग्रामपंचायतीनं 2006 साली बँकेचं कर्ज काढून 350 किलोवॅटची पवनचक्की स्वतः विकत घेतली. गावाला लागते त्याहून जास्त वीज झाली, उरलेली वीज मंडळाला विकली. ती ग्रामपंचायतच होती, तुमच्यासारखीच. आपल्या राज्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 साली पहिलं सौरग्राम झाली. आपल्याच छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं सगळा कर भरणाऱ्या घराला दळण मोफत दिलं, म्हणून तिथं लोकांनी कर भरला. तुम्ही म्हणता लोक पाणीपट्टी भरत नाहीत. पाणी देऊन बघा.

आणि हा आपला विषय नाही, असं कृपा करून म्हणू नका. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडं सोपवायचे 29 विषय आहेत. त्यात "इंधन व वैरण" आहे आणि "अपारंपरिक ऊर्जा स्रोत" सुद्धा आहे. मी छापील प्रत अर्जाला जोडली होती.

माझ्या मागण्या अशा आहेत:

1. जनरेटरचा ठराव स्थगित करा. दवंडी देऊन, वस्तीवरही देऊन, पुन्हा ग्रामसभा घ्या आणि जनरेटर व शाळेच्या छतावरचं सोलर, दोन्हींचा दहा वर्षांचा खर्च फळ्यावर लिहून दाखवा.

2. वस्तीवरच्या दुहेरी पंपाचा कंट्रोलर या महिन्यात बसवा. पिण्याच्या पाण्याच्या बंधित निधीतून, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या पैशातून, हे काम होतं.

3. गावात जे जे सोलर आहे त्याची यादी करा: कधी बसलं, हमी कधीपर्यंत होती, आज चालू की बंद. पुढच्या विकास आराखड्यात देखभालीचा वेगळा रकाना ठेवा आणि गायरानावरच्या प्रकल्पातून येणारी रक्कम आधी त्यात टाका.

4. जनरेटर चालवायला जे मानधन तुम्ही देणार होता, ते गावातल्या आयटीआय झालेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्या. पंप, दिवे, पॅनल, सगळ्यांची जबाबदारी एका माणसावर असू द्या आणि त्याचा नंबर भिंतीवर असू द्या.

5. नऊ गोबरगॅसच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीकडं पाठवा. गवंडी शिकवायचा असेल तर माझा गोबरगॅस उघडून दाखवायला मी तयार आहे.

6. ज्यांची चराई गेली त्या कुटुंबांना समोर बसवून त्यांचं ऐका.

आमच्या बचत गटातल्या बारा जणींनी ठरवलं आहे की वस्तीवरचा पंप चालू झाला तर पॅनल आठवड्यातून दोनदा आम्ही पुसू, दर घरामागं पन्नास रुपये महिन्याला गोळा करू आणि ते वेगळ्या खात्यात ठेवू. कंट्रोलर पुन्हा जळाला तर तुमच्या निधीची वाट बघावी लागणार नाही. याचं पत्र आमच्या सगळ्यांच्या सह्यांनिशी ग्रामपंचायतीत दिलं आहे. यावेळी सह्या आधी केल्या आहेत.

शेवटचं, आणि हे कोणत्याही ठरावाशिवाय उद्या सकाळी होण्यासारखं आहे. कंट्रोलरच्या पेटीच्या कुलपाची चावी आधीच्या बॉडीकडं आहे, की तुमच्याकडं आली, की हरवली, हे इतक्या वर्षांत आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. असेल तर माझ्या घरी पाठवून द्या. हरवली असेल तर तसं दोन ओळीत लिहून द्या, म्हणजे पुतण्या कुलूप तोडेल आणि आत काय उरलं आहे ते आम्ही बघून घेऊ.

तुमची काकू,
एक खातेदार शेतकरी आणि महिला बचत गटाची अध्यक्ष